हरारेत डीआरएस का नव्हता?

प्रश्न : भारताच्या घरच्या सामन्यात पायचीतचा वाद झाला की लगेच डीआरएस घेता येतो. झिम्बाब्वेतल्या हरारेत मात्र अनेक मालिकांत ती सोयच नव्हती. शिवाय परदेशातले सामने कधी या चॅनेलवर, तर कधी त्या ॲपवर! आयसीसी सगळीकडे एकसारखी व्यवस्था का करत नाही?

उत्तर : कोडी दोन दिसली तरी गाठ एकच आहे. सामना कोणाच्या घरी, हे आधी पाहायचे. विश्वचषक आयसीसीचा, पण दोन देशांमधली मालिका यजमान मंडळाची. प्रक्षेपणाचे हक्क तेच विकते, पैसा तेच ठेवते आणि खर्चही त्याच्याच माथी. म्हणून आयर्लंडमधला भारताचा सामना 2022 साली सोनीवर दिसला आणि 2023 साली जिओसिनेमावर. यात बीसीसीआयला दोष देऊन उपयोग नाही.

पाहुण्या संघाला निम्मा वाटा मिळतो, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. वेस्ट इंडीज मंडळाचे तेव्हाचे मुख्याधिकारी जॉनी ग्रेव्ह यांनी 2024 च्या सुरुवातीला हेच गाऱ्हाणे मांडले : ऑस्ट्रेलियात संघ पाठवायला 20 लाख डॉलरहून अधिक गेले, हाती काहीच आले नाही.

आता डीआरएस. त्याला वेगवान कॅमेरे लागतात, ते चालवणारे तंत्रज्ञ लागतात, आणि यांतले बरेचसे परदेशातून आणावे लागते. झिम्बाब्वेत भारत आला तर हक्क चांगल्या भावाने विकले जातात, पण भारत दरवर्षी थोडाच येतो? एरवीच्या मालिकांना गिऱ्हाईक मिळवतानाच दमछाक होते. मग काटकसरीची कात्री आधी कॅमेऱ्यांवर चालते.

आयर्लंडचे दुखणे आणखी वेगळे. तिथे हक्काचे आंतरराष्ट्रीय स्टेडियमच नाही. मालाहाइडला मोठा सामना असला की तात्पुरते स्टँड उभारायचे, सामना संपला की उतरवायचे, लग्नाच्या मांडवासारखे. पाहुणा फारसा कमावून देणारा नसेल तर मालिका तोट्यातच जाते. 2025 मध्ये अफगाणिस्तानचा दौरा आयरिश मंडळाने पैशाअभावीच रद्द केला. लोक याला बेभरवशाचा कारभार म्हणतात. मला तो बराचसा हिशेब वाटतो.

आयसीसीच्या तिजोरीतून मदत मिळते, पण किती? 2024 ते 2027 च्या वाटपात भारताचा हिस्सा सुमारे 38.5 टक्के, तर आयर्लंड आणि झिम्बाब्वेचा प्रत्येकी तीन टक्क्यांच्या आसपास. मुळात पैसा भारतातूनच येतो, हा युक्तिवाद खरा आहे. पण त्याने हरारेत कॅमेरे वाढत नाहीत.

आणि आयसीसी असली की सोय असतेच, असेही नाही. 2018 ची विश्वचषक पात्रता स्पर्धा तिचीच होती, तीही झिम्बाब्वेतच. वेस्ट इंडीजविरुद्ध स्कॉटलंडच्या रिची बेरिंग्टनला पायचीत दिले, तेव्हा चेंडू लेग स्टंपबाहेर जाताना दिसत होता. दाद मागायला डीआरएस नव्हता. पुढे पाऊस आला, डकवर्थ-लुईसच्या हिशेबाने स्कॉटलंड 5 धावांनी हरला आणि 2019 च्या विश्वचषकाला मुकला.