धान्यास मोड का आणावेत?



उन्हाळ्यात विहिरी आटल्या म्हणजे परसातील भाजीपाला वाळून जातो, आणि बाजारची भाजी घेण्यास पुष्कळ घरी पैसा नसतो. भाकरी, चटणी व पातळ आमटी यांवर दिवस काढणाऱ्या कुटुंबाच्या आहारात तेव्हा मोठी उणीव पडते. ती भरून काढण्याचे एक साधन घरच्या मडक्यातच असते. ते म्हणजे मूठभर मटकी, मूग, हुलगे किंवा हरभरे. त्यांना मोड आणल्याने काय लाभ होतो, याचा विचार या पाठात करू.

१. दाण्यात काय घडते?
कोरडा दाणा निजलेला असतो. पाणी, हवा व ऊब मिळताच तो जागा होतो आणि कोंबाच्या पोषणासाठी आपला साठा उघडू लागतो. कोरड्या कडधान्यात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते उत्पन्न होते. पोटात वायू धरविणारी शर्करा कमी होते, आणि लोहास बांधून ठेवणारे द्रव्य घटल्यामुळे लोह अंगी लागणे सोपे जाते. मात्र मोडांनी प्रथिने पुष्कळ वाढतात हा समज खरा नव्हे. दाणा फुगतो तो पाण्याने.

२. याचे प्रमाण काय?
'क' जीवनसत्त्व फार दिवस न मिळाल्यास स्कर्व्ही हा रोग होतो. हिरड्या सुजून रक्त वाहते व दात हलू लागतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडन येथील लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी यांनी प्रयोगांनी दाखविले की, कोरड्या कडधान्याने हा रोग टळत नाही. त्यासच मोड आणल्यास टळतो. पुढे १९४० च्या सुमारास, तेव्हाच्या पंजाबातील हिसार जिल्ह्यात दुष्काळाने हा रोग पसरला असता मोड आलेले हरभरे उपचारार्थ देण्यात आले.

३. मोड कसे आणावेत?
धान्य वेचून, धुऊन, रात्रभर भरपूर पाण्यात भिजवावे. सकाळी पाणी निथळून ओल्या स्वच्छ फडक्यात सैल बांधून झाकून ठेवावे, व फडके सुकू देऊ नये. उन्हाळ्यात मूग व मटकी यांस सुमारे एका दिवसात मोड येतात. हरभरा, वाल व हुलगे यांस अधिक वेळ लागतो. दाणे बुळबुळीत झाले किंवा आंबूस वास आला तर ते खाऊ नयेत.

४. चव व स्वयंपाक
मूग गोडसर असून लवकर शिजतो. मटकी खमंग, तिची उसळ सर्वांस ठाऊक आहे. वाल किंचित कडवट. मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोलावेत व बिरडे करावे. हुलगे उग्र, म्हणून लसूण घालून आमटी बरी. मेथी कडू, ती थोडीच घ्यावी. नाचणीस मोड आणून, वाळवून, भाजून दळल्यास तिची पेज पातळ राहते. म्हणून तान्ह्याच्या वाटीत अधिक पीठ मावते.
'क' जीवनसत्त्व उष्णतेने नासते व पाण्यात उतरते. यास्तव थोड्याच पाण्यात, झाकण ठेवून, मऊ होईपर्यंतच शिजवावे. खाण्याचा सोडा घालू नये. पाणी फेकू नये. शेवटी लिंबू पिळावे.

५. दोन सूचना
मोड येण्यास लागणारी ऊब व ओल जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या रोगाने पन्नासांवर माणसे दगावली. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध व आजारी यांना मोड शिजवूनच द्यावेत. दुसरे, मोड आलेला वा हिरवा पडलेला बटाटा खाऊ नये. त्यात विष वाढते.

उजळणीचे प्रश्न
१. कोरड्या दाण्यात नसलेले कोणते सत्त्व मोडांत येते?
२. उसळीचे पाणी का फेकू नये?
३. तान्ह्या मुलांना कच्चे मोड का देऊ नयेत?
४. आपल्या गावात भाजी कोणत्या महिन्यांत मिळत नाही? त्या महिन्यांसाठी कोणते कडधान्य राखून ठेवता येईल?