सड्यावरच्या पेट्या

॥ श्री ॥

महाबळेश्वर,
वैशाख वद्य द्वादशी

चिरंजीव बाळूस तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तिसऱ्या प्रहरी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर आलेल्या एका परिचित गृहस्थांनी, चहाची कपबशी हाती घेता घेता, अगदी सहज म्हणून जे वर्तमान सांगितले, ते ऐकल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. तुझ्या वीसही पेट्या दापोलीकडच्या त्या उघड्या सड्यावर, मधकोठ्यांवर मधकोठ्या चढवून, अद्याप जशाच्या तशा उभ्या आहेत, आणि ‘वारा सुटलाच तर मी जाऊन धरीन’ असे तू चारचौघांत बोललास, हे खरे काय? पहिल्या गोष्टीचा मला राग आला. दुसरीने रात्रभर डोळा लागू दिला नाही.

पेट्या सड्यावर नेल्यास यात तुझी चूक होती असे मी म्हणत नाही. मोहोर आला की आंब्याच्या बागांतून औषधांच्या फवारण्या सुरू होतात आणि त्या विषापासून माश्यांना दूर नेणे हे मधपाळाचे कर्तव्यच आहे. ती तजवीज तू वेळेवर केलीस तेव्हा मी सर्वांदेखत तुझी वाखाणणी केली होती, हवे तर वहिनींना विचार. परंतु फवारण्या संपून किती दिवस लोटले? रोहिणी नक्षत्र तोंडावर आले आहे. सन 2020 च्या जूनच्या 3 तारखेस ‘निसर्ग’ वादळाने नारळीपोफळीची आगरे कशी आडवी केली ते तू स्वतः पाहिलेस. पुढल्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याच्या कडेकडेने गुजरातेकडे गेले. एवढे दोन दाखले समोर असता ज्याला तिसऱ्याची वाट पाहावीशी वाटते, त्याला शहाणा म्हणणे मला जड जाते.

‘दोर बांधून खुंट्या ठोकीन’ असे तू म्हणशील. सड्याच्या कातळात खुंटी शिरते काय? त्यापेक्षा पेटी आणि तिची घोडी मिळून एकच दोर आवळावा आणि त्याच्या दोन टोकांस दोन बाजूंनी जांभ्याचा एकेक चिरा लोंबता बांधावा. नुसता झाकणावर ठेवलेला दगड वारा नसतानाच तेवढा शोभतो. रिकाम्या मधकोठ्या आजच्या आज उतरव, कारण पेटी जितकी उंच तितकी ती वाऱ्याच्या हाती लवकर लागते. तोंडे नैर्ऋत्येकडे असतील तर ती फिरव, आणि पेटी पुढच्या अंगास किंचित कलती ठेव, म्हणजे आत शिरलेले पाणी दारातूनच निथळेल. मात्र तोंडे फिरविली म्हणजे बंदोबस्त झाला असे समजू नकोस. वळीव पूर्वेकडून, डोंगरावरून उतरतो. पावसाळी वारा समुद्रावरून येतो. आणि चक्रीवादळाचे केंद्र पुढे सरकले की सकाळी एका दिशेने झोडपणारा वारा दुपारी दुसरीच दिशा धरतो. अशा वाऱ्याशी करारमदार होत नाहीत.

आडोसा करावयाचा तो चिऱ्यांच्या भरीव भिंतीचा नको. भरीव भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरा होऊन खाली आपटतो; कारवीच्या कुडातून किंवा करवंदीच्या दाट जाळीतून तोच वारा गाळून, नरम होऊन येतो. झाडाखाली आसरा शोधशील तर तेही नको. जुन्या आंब्याची एक फांदी वीस पेट्यांचा निकाल लावावयास पुरते. सर्वांत उत्तम म्हणजे सगळ्या पेट्या रात्री दारे जाळीने बंद करून तुझ्या आजोळी, त्या पऱ्ह्याकाठच्या परसात नेऊन ठेव. दोन कोस अंतर आहे, म्हणून माश्या जुन्या जागेवर परतून भटकणार नाहीत. सड्याच्या पायथ्याशीच उतरविल्यास तर दुसऱ्या सकाळी अर्ध्याअधिक कामकरी माश्या सड्यावर जाऊन घर शोधीत बसतील. आणि पिलावा कोठीतला मध काढू नकोस. पावसात सातेरी उपाशी राहिली तर पेटी सोडून निघून जाते, आणि मग ती कोणाच्या अर्जविनंत्यांना दाद देत नाही.

हे सर्व केलेस तरी वारा सुटल्यावर तू घराबाहेर पडावयाचे नाही. हे मी ठासून लिहितो, कारण मला तीच एक धास्ती आहे.

दादाच्या पायाची हकिकत घरात सर्वांना ठाऊक आहे असे सर्वांना वाटते. घाटात घसरून तो अधू झाला, असे तुझ्या आजोबांना, म्हणजे आबांना, सांगितले गेले आणि तेच रुजू झाले. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. जांभळाचा मध उतरवून झाला होता, हिरड्याचा थोडा यावयाचा होता, आणि त्या थोड्याच्या लोभाने मी मधकोठ्या तशाच चढत्या ठेवल्या. आबांनी सकाळी पेट्या आवळून बांधण्याची ताकीद दिली होती. मी ‘हो’ म्हणून यात्रेस निघून गेलो. रात्री परतलो तो वळवाने सात पेट्या पाडलेल्या, आणि दादा कंदील घेऊन त्यांच्यामध्ये उभा. आबा उठण्यापूर्वी सारे सावरू म्हणून मीच त्याला थांबवून घेतले, भर पावसात चौकटी उघडल्या. ज्या पिल्लांना माश्या पस्तीस अंशांच्या आसपास ऊब देतात त्यांना मी उघड्या वाऱ्यात धरले. तेवढ्यात फांदी मोडली. ती माझ्या जागी उभ्या असलेल्या दादाच्या पायावर आली. चार दिवसांत चार पेट्या रिकाम्या झाल्या. आणि दादाने आबांना घाटाची गोष्ट सांगितली ती अखेरपर्यंत बदलली नाही. मीही बदलली नाही.

त्या रात्री पेट्या नुसत्या उभ्या करून, दोर आवळून, आम्ही घरात गेलो असतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात उघडल्या असत्या, मोडकी पोळी केळीच्या सोपटाने चौकटीस बांधली असती, सांडलेला मध पुसून घेतला असता, तर कदाचित सातही वाचल्या असत्या. नसत्या वाचल्या तरी काय?

पत्र वाचून पाहतो तो फार कठोर झालेले दिसते. तुझ्या हाताला माश्या ओळखतात, तुझी एवढीशी मूठ होती तेव्हापासून. राणीमाशी तू माझ्याआधी हेरतोस, हे मी कधी तोंडावर बोललो नाही. वहिनींना दादाच्या पायाचे सांगावयाचे की नाही, ते तू ठरव. माझ्याने या वयात होत नाही.

उद्याच्या एस. टी.च्या कंडक्टरच्या हवाली सुंभाची चार बंडले आणि तुझ्या काकूने दिलेले कुळथाचे पीठ पाठवीत आहे. स्टँडवर वेळेवर हजर राहा. येथे सातेरीच्या पाच पेट्या मी तुझ्या नावाने वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. तिकडच्या वीसही गेल्या तर हिशेब विचारणार नाही. वारा सुटला की मला फोन कर. नुसता ‘घरात आहे’ एवढेच सांग, आणि ठेव.

तुझा
तात्या