कॅट कशाने गेला?

नववी-दहावीला विज्ञान शिकवताना एक वाक्य मी वीसेक वर्षं फळ्यावर लिहीत आलोय : उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, स्वतः मात्र कायम राहतो. पोरं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात, गुण घेतात. आणि त्यांचे हे सर, गाडीतला उत्प्रेरक संपला असं गॅरेजवाल्याने सांगितल्यावर, ‘असा कसा संपला?’ एवढंही न विचारता १६,५०० रुपये मोजून आले. आठ महिन्यांनी दुसराही संपला, तेव्हा कुठे फळा आठवला.

गाडी २०१४ ची, पेट्रोलची छोटी हॅचबॅक, एमएच ०४ ची पाटी, तीन वर्षांनी बाहेरून बसवून घेतलेलं सीएनजी किट. राहायला मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला, शाळा भाईंदर पूर्वेला. रोजचं धावणं जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर, तेही बहुतेक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. या धावण्याचाही पुढे हिशेब निघाला.

पहिला प्रसंग डिसेंबरातला. भाचीचं लग्न ठाण्याला, आम्ही घोडबंदर रस्त्याने निघालो. चेण्याचा पूल मागे टाकून गायमुखच्या चढाला लागलो आणि गाडीने मान टाकली. पाय दाबावा तर आवाज वाढे, वेग वाढेना. इंजिन लंगडत असल्यासारखी थरथर स्टिअरिंगपर्यंत येत होती. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकत होता. घाटात थांबायला जागा नाही, मागे कंटेनर हॉर्न मारतोय, डिकीत रुखवत. ही म्हणाली, “बाजूला घ्या जरा.” मी गॅस बंद करून गाडी पेट्रोलवर घेतली, ती किंचित सावरली, आणि ‘आता काय, आलंच’ म्हणत तशीच कासारवडवली ओलांडून हॉलपर्यंत नेली. अक्षता पडल्या, जेवणं झाली. परतताना खालून जळक्या वासाची वाफ येत होती. ती मी रस्त्यावरच्या डंपरच्या नावावर खपवली.

तो दिवा नुसता पेटून राहिला तर दोन-चार दिवसांत गाडी दाखवा, असा त्याचा अर्थ. लुकलुकला तर मात्र आत्ता पाय काढा. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, ज्याला गॅरेजात ‘मिसिंग’ म्हणतात, आणि न जळलेलं इंधन तसंच पुढे सायलेन्सरच्या वाटेला लागतं. वाटेत कॅट बसलेला असतो. ते इंधन मग तिथे जळतं.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पोलादी डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाची मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्या बारीक नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा अगदी पातळ लेप. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करायचा, अर्धवट जळालेल्या इंधनाचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन, अशी तिहेरी नोकरी. ती सुरू व्हायला साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस लागतात, आणि एरवी चारशे ते आठशेच्या दरम्यान तो खुशाल असतो. न जळलेलं इंधन आत पेटलं की पारा हजाराच्या पार जातो, लेप एकवटून निकामी होतो आणि शेवटी जाळीच वितळून नळ्या बुजतात. गायमुखच्या चढावर माझ्या पायाखाली हेच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी काशीमीऱ्याच्या बाजूच्या एका गॅरेजात गेलो. स्कॅनर लावला, पडद्यावर पी०४२० आला. “कॅट गेला, सर.” मी मान डोलावली. त्याने कोड उडवला, संध्याकाळपर्यंत बाजारातला स्वस्तातला कॅट बसवला, गाडी पळायला लागली. जुन्याचं काय, विचारलं तर म्हणाला, “भंगार आहे, राहू द्या इथेच.” राहू दिला. २०२१ च्या सुमाराला गुजरातेत आणि आपल्याकडे ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जात होते, ते कशासाठी, हे पेपरात वाचूनही मला त्या क्षणी आठवलं नाही. त्याच वर्षी ऱ्होडियमचा भाव औंसाला तीस हजार डॉलरच्या घरात पोचला होता. आपण भंगार म्हणून सोडतो त्या डब्यात ते असतं. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान दुसरंच झालं. डब्याबरोबर पुरावाही गेला. तो उघडून पाहिला असता, तर जाळी वितळली, तुटली की नुसतीच काळवंडली हे दिसलं असतं, आणि कशाने गेला त्याचा माग लागला असता.

ऑगस्टात पुन्हा दिवा. या वेळी शाळेतल्या शिपायाने राई गावातल्या एका मिस्त्रींचं नाव सांगितलं. पत्र्याची शेड, एकच रॅम्प, वय साठीच्या पुढे. मी कोड सांगितला तसा त्यांनी स्कॅनर बाजूलाच ठेवला.

“सर, कोड कॅटचा असतो, पण तो मारेकऱ्याचं नाव नाही सांगत. तुम्ही शिकवता ना उत्प्रेरक? मग तो आपणहून का मरेल?”

एवढं ऐकून मी वरमलो. पुढचे दोन तास मी त्यांच्या रॅम्पखाली काढले. जे शिकलो ते मला जमेल तसं सांगतो.

पी०४२० म्हणजे नेमकं काय, ते आधी. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे एक. पुढचा बहुतेक गाड्यांत साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली नाचतो. कॅट धडधाकट असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्यापर्यंत ही नाचानाच पोचत नाही, तो ०.६-०.७ च्या आसपास संथ बसून राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की संगणक पी०४२० लिहितो. बस, एवढंच. आता मागचा सेन्सरच खराब असेल, किंवा सायलेन्सरच्या जोडात भोक असून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. भाईंदर-उत्तनच्या खाऱ्या वाऱ्यात फ्लॅंजचे बोल्ट आणि हीट शिल्ड किती लवकर गंजतात, हे ज्याने मिठागरांच्या कडेला गाडी उभी केलीय त्याला सांगायला नको. म्हणून मिस्त्रींनी पहिलं काम केलं ते गार इंजिन चालू करून, टेल पाईपवर चिंधी दाबून कान लावण्याचं. जोडातून फुस्स आवाज आला किंवा तिथे काजळीचा फराटा दिसला, की आधी गळती बंद करायची, मग पुढचं बोलायचं. माझ्या गाडीत गळती नव्हती.

मग स्कॅनर. उडवायच्या आधी सगळे कोड वहीत उतरवून घेतले, ‘पेंडिंग’सुद्धा. त्यात पी०३०३ होता : तीन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. डिसेंबरातही तो असणारच. उडवण्यापूर्वी कुणी वाचला असता तर. त्यानंतर आम्ही वरसाव्याच्या पुलापर्यंत चक्कर मारून आलो, कारण गार कॅटची परीक्षा घेण्यात अर्थ नसतो. इंजिन २,५०० फेऱ्यांवर धरून मागच्या सेन्सरचा आलेख पाहिला. तो पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत होता. शिवाय इंधनाची दुरुस्ती, ज्याला फ्युएल ट्रिम म्हणतात, ती पेट्रोलवर अधिक ४ टक्के आणि गॅसवर अधिक १७. दहाच्या वर गेली की काहीतरी बिनसलंय असं धरायचं. म्हणजे गॅसवर मिश्रण हलकं पडत होतं. सीएनजीवाल्यांनी ही तपासणी दोन्ही इंधनांवर करून घ्यावी. गॅसला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल आणि झिजलेले प्लग पेट्रोलवर कसेबसे निभावतात आणि गॅसवर उघडे पडतात. माझे प्लग किट बसवल्यापासून बदललेलेच नव्हते.

नाचणाऱ्या आलेखाने कॅट कामातून गेल्याचं कळतं, तुंबल्याचं नाही. त्यासाठी त्यांनी पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवलं. टायरमध्ये आपण ३२ पौंड हवा भरतो, इथे हिशेब एक-दोन पौंडांचा : आयडलिंगला सव्वा पौंडाच्या आत, २,५०० फेऱ्यांवर तीनच्या आत. माझं सहाला टेकलं. डिसेंबरात पहिल्या कॅटवर गायमुखला दम का लागला असेल, त्याचाही अंदाज त्या काट्याने दिला. शेवटी रबरी हातोडीने डब्यावर हलकी टिचकी मारली. आत खुळखुळा वाजला तर जाळी तुटलीय. माझा वाजला नाही. वितळून एकसंध गोळा झालेली जाळी वाजत नाही.

टेम्परेचर गनने कॅटच्या दोन टोकांचं तापमान मोजून निकाल देणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मी उत्साहाने गन विकत घेतली. सुस्थितीतल्या आधुनिक इंजिनात धूर मुळातच इतका स्वच्छ असतो की चांगल्या कॅटच्याही दोन टोकांत फारसा फरक पडेलच असं नाही, तेव्हा त्या एका आकड्यावर विसंबू नका. आमच्याकडे ती गन आता घावन घालायच्या आधी बिडाचा तवा मोजायला वापरतात.

पीयूसीचंही तसंच. हा मेलेला कॅट घेऊन माझी गाडी जूनमध्ये पीयूसीत पास झाली होती. गरम गाडी, आयडलिंगवर दोन मिनिटं नळी, झालं. पेट्रोल गाड्यांच्या या तपासणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पीयूसी खिशात ठेवा, पण कॅटच्या तब्येतीचा दाखला म्हणून दाखवू नका.

मारेकरी माझ्या बाबतीत तीन नंबरची कॉइल निघाली, आणि तिला साथ हलक्या मिश्रणाची. तुमच्याकडे दुसरा असू शकतो. इंजिन ऑइल खात असेल, सकाळी निळसर धूर येत असेल, तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसत जातो. कूलंट कारण नसताना कमी होत असेल तर तेही आत जळून लेप खराब करतं. पूर्वी शिसं हा मोठा वैरी होता. म्हणून तर १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा केला तेव्हा शिसेविरहित पेट्रोलही सोबत आणावं लागलं, आणि देशभर ते २००० साली झालं. आणि माझं ते हाटकेश-भाईंदर धावणं : एवढ्या अंतरात कॅट तापतो न तापतो तोच गाडी बंद. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा, एवढं तरी आपल्या हातात आहे. पावसाळ्यात मीरा रोडच्या सखल भागात पाणी भरतं तेव्हा तापलेली गाडी त्यात घालू नका. लालबुंद तव्यावर पाणी टाकलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. २०१० च्या आधीच्या कित्येक गाड्यांत मागचा सेन्सरच नसतो, त्यामुळे कॅट गेला तरी दिवा लागत नाही. तिथे गेज आणि कान यांवरच भिस्त.

मिस्त्रींच्या शेडमध्ये बसलो असताना एक ओळखीचा गृहस्थ येऊन सल्ला देऊन गेला : “कशाला खर्च करताय, आतली जाळी फोडून टाका, डबा तसाच ठेवा.” हे सर्रास चालतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा फेरफार करता येत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे आपली गाडी मागे जी हवा सोडते ती आपल्याच गल्लीतली पोरं ओढतात. टाकीत ओतायच्या ‘कॅट क्लीनर’च्या बाटल्यांबद्दल मिस्त्री एवढंच म्हणाले, “वितळलेली मेणबत्ती धुऊन परत उभी राहते का?”

आधी कॉइल, चारही प्लग, गॅसचा फिल्टर आणि मॅपिंग झालं, ४,२०० रुपये. मग महिनाभर मुद्दाम जुन्याच कॅटवर हळूहळू चालवून मिसिंग परत येत नाही ना, ट्रिम जागेवर राहते ना, याची खात्री केली. त्यानंतरच कंपनीचा कॅट बसवला, पहिल्याच्या दुपटीहून महाग. पहिल्याच डिसेंबरात ते ४,२०० खर्च केले असते आणि हिचं ऐकून गाडी बाजूला घेतली असती, तर बाकीचं सगळं वाचलं असतं, असं मिस्त्री बिल लिहिता लिहिता सहज म्हणाले. ही शेजारीच उभी होती.

तेव्हा दिवा लुकलुकला तर गाडी बाजूला घ्या, कोड उडवायच्या आधी फोटो काढा, आणि कॅट बदलायचाच झाला तर पैसे देण्याआधी जुना डबा आपल्या डिकीत ठेवून घ्या. माझा दुसरा कॅट मी कापून घेतला आणि आता दरवर्षी उत्प्रेरकाच्या तासाला वर्गात नेतो. फळ्यावरच्या त्या वाक्यापुढे ‘विष आणि उष्णता नसेल तर’ एवढं जोडलंय.