मुलीला शिक्षिका व्हायचंय, घरच्यांना घोर लागलाय

दहावी-बारावीचा निकाल लागला की घुग्घुस या कोळसाखाणींच्या गावात घराघरांत चर्चा सुरू होते. वेकोलिच्या खाणीत लागायचं काही जमेल का, लॉयड्सच्या कारखान्यात कुणाची ओळख आहे का, आयटीआयला कोणता ट्रेड घ्यावा. वडील खदानीत फर्स्ट शिफ्टला जाणारे. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगारावर घर उभं राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशा घरातली ख्रिस्ती मुलगी जेव्हा म्हणते, ‘मला शिक्षिका व्हायचंय, देवानं मला याच कामासाठी बोलावलंय,’ तेव्हा चर्चमध्ये तिचं कौतुक होतं आणि घरी आईची झोप उडते. बोलावणं आहे ते ठीक, पण नोकरी कुठे आहे?

आईचा प्रश्न रास्त आहे. त्याला भक्तीची कमतरता म्हणून उडवून लावणं चूक.

आधी त्या बोलावण्याविषयी. विदर्भात त्याचं जुनं उदाहरण आहे ते स्टीफन हिस्लॉप यांचं. हे स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आले आणि त्यांनी तिथे शाळा उभी केली. शाळेच्या जोडीला ते आसपासच्या दगडांत जीवाश्म शोधत, गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून घेत. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांची आदिवासींविषयीची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केली आणि 1883 मध्ये त्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात सुरू झालं. धर्मप्रसारासाठी आलेल्या या माणसाला आपण जिथे शिकवतो तिथली माती, माणसं आणि बोली जाणून घेण्याची तहान होती. शिक्षकाचं बोलावणं ओळखायचं तर ते अशा तहानेवरून.

घुग्घुसला हे तंतोतंत लागू पडतं. इथला कोळसा गोंडवाना खडकांतला. कोळशाच्या थरालगतच्या करड्या शेलची चीप काळजीपूर्वक उकलली तर कधी कधी पानाचा ठसा सापडतो, शिरांसकट. ज्या वर्गातल्या मुलांचे वडील रोज त्या थरांत उतरतात, त्या वर्गात अशी एक चीप हातोहात फिरवली की भूगोलाचा धडा वेगळाच रंगतो. त्याच वर्गात एकाच्या घरी तेलुगू, दुसऱ्याच्या घरी हिंदी, तिसऱ्याच्या घरी वऱ्हाडी वळणाची मराठी. त्यांच्या बोलीतले चार शब्द शिकून घेणाऱ्या बाईंपाशी मुलं मोकळेपणानं बोलू लागतात.

महाराष्ट्रातल्या मिशन शाळांचं ऋण मोठं आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींसाठी शाळा काढायची उमेद आली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही नगरला फरारबाईंकडे. खुद्द जोतीराव काही काळ मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. म्हणजे ख्रिस्ती शाळेत शिकवायला ख्रिस्ती असावंच लागतं असं तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

पण विद्यार्थ्यांच्या पालकांच्या मनातला धर्मांतराचा धसकाही इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत काढलेली शारदा सदन ही मुलींची निवासी शाळा पुढच्या वर्षी पुण्याला गेली. धर्मांतराच्या संशयावरून 1893 मध्ये अनेक मुलींना तिथून काढून घेतलं गेलं. आज संविधानाचा 28वा अनुच्छेद याबाबत स्पष्ट आहे: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय विद्यार्थ्याला धर्मशिक्षण वा उपासनेत सामील करता येत नाही. ख्रिस्ती शिक्षिकेनं ही मर्यादा मनापासून पाळावी. तिची श्रद्धा वह्या वेळेवर तपासण्यात दिसू दे, मागच्या बाकावरच्या मुलाला नावानं हाक मारण्यात दिसू दे.

आता नोकरीचं. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. हवं. ऑगस्ट 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. अनेक घरांत आजही ‘आधी बी.एड. करून ठेवू, मग कुठेही लागेल’ असं म्हणतात. तो समज सोडावा. वरच्या वर्गांसाठी पदवी आणि बी.एड. हा रस्ता आहे, प्रवेश सीईटीतून. शिवाय टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा: पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी, प्रत्येकी 150 गुण, खुल्या गटाला पात्रतेसाठी 90. पुढे अभियोग्यता चाचणी म्हणजे टेट आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल.

अल्पसंख्याक संस्थांना अनुच्छेद 30 मुळे शिक्षक निवडण्याची अधिक मोकळीक असते. त्यांना टीईटी सक्तीची असावी का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानं 1 सप्टेंबर 2025 रोजी मोठ्या पीठाकडे सोपवला. त्या निकालाच्या भरवशावर बसू नये, टीईटी काढूनच ठेवावी.

पगाराचं चित्र असं: अनुदानित शाळेत सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक. जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये मानधन ठरलं. त्यानंतर सातव्या वेतन आयोगाची श्रेणी. प्राथमिकला मूळ वेतन 29,200 पासून, माध्यमिकला 38,600 पासून. विनाअनुदानित शाळेत मात्र सगळं संस्थेच्या हातात. तिथे नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी, सुट्टीतला पगार हे आधीच विचारून घ्यावं. ‘ही तर सेवा आहे’ असं म्हणून तुटपुंज्या पगारावर राबवून घेणाऱ्या किंवा पदासाठी पैसे मागणाऱ्या संस्थेला सरळ नकार द्यावा, मग दारावर क्रूस असो वा नसो.

मुलीचा कल खरा आहे का, हे उन्हाळ्याच्या सुट्टीत कळतं. वस्तीतली तिसरीतली चार पोरं गोळा करावीत आणि रोज तासभर हातच्याची वजाबाकी शिकवावी. 52 मधून 27 वजा करायला सांगितलं की एखादा हमखास 35 लिहितो. नुसती फुली मारून पुढे जाणारी मुलगी वेगळी आणि ‘हे 35 तू कसं काढलंस रे?’ असं विचारणारी वेगळी. दुसरीला कळतं, पोरानं सातातून दोन घेतले, कारण दोनातून सात जाणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं; चूक करतानाही तो विचार करत होता. ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी मुलींना हा सराव संडे स्कूलमध्ये आपसूक मिळतो.

कल दिसला तर पुढचं ठरवणं सोपं. लहान मुलांत रमणारीनं बारावीनंतर लगेच डी.एल.एड. घ्यावं आणि पदवी गोंडवाना विद्यापीठातून पुढे करावी. गणित, विज्ञान किंवा इंग्रजीची गोडी असेल तर आधी त्याच विषयात पदवी, मग बी.एड. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना विषय निवडण्यापूर्वीच हे घरात बसून बोलून घ्यावं, कारण पदवीचा विषय पुढे शाळेत शिकवायचा विषय ठरवतो.