फाईल सर्व्हरला दुसरी डिस्क जोडताना

शाळेचे जनरल रजिस्टर हा आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने गावाचा पहिला इतिहासग्रंथ होय. जात पडताळणीत अनुसूचित जातीच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५०, तर अनुसूचित जमातीच्या अर्जदारास ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा आजोबांच्या नावाची रजिस्टरातील एक ओळ साऱ्या कुटुंबास तारते. सरदार सरोवराने अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. गावच पाण्याखाली गेले, तेथे कागदाचे मोल धडगावकरांना निराळे सांगावयास नको. अशी रजिस्टरे, दाखले व छायाचित्रे स्कॅन करून फाईल सर्व्हरवर ठेवू लागलो की जागा अपुरी पडते आणि दुसरी डिस्क जोडावी लागते.

सर्व्हर लिनक्सवर चालत असून मूळ मांडणी एलव्हीएम पद्धतीची असेल, तर हे काम अवघड नाही. नवी डिस्क बसवून प्रथम तिची नीट ओळख पटवावी. येथे घाई नको, कारण आज्ञा भलत्याच डिस्कवर चालली तर जुना संग्रह पुसला जातो. मग ती एलव्हीएमच्या स्वाधीन करून जुन्या डिस्कच्या गटात सामील करावी, व्हॉल्यूम वाढवावा आणि शेवटी फाईल सिस्टिम वाढवावी. ही शेवटची पायरी राहिली, तर डिस्क जोडूनही जागा जुनीच दिसते. एक टेराबाइटला दोन जोडले की तीन टेराबाइटचे एकच कपाट तयार होते.

खरी मेख येथेच आहे. कपाट एक दिसले तरी ते दोन डिस्कवर उभे असते. दोहोंपैकी एक बिघडली तरी सारे कपाट कोसळू शकते. म्हणजे जागेबरोबर धोकाही वाढला! दोन डिस्कवर तोच मजकूर लिहिणारी रेड पद्धत डिस्कच्या बिघाडातून वाचवते, पण निम्मी जागा घेते; आणि चुकून पुसलेली फाईल तीही परत देत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास ही चिंता नवी नाही. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले. शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला तो १४ एप्रिल १९७९ रोजी. तोवर कित्येक हस्तलिखिते पेट्यांत बंद होती.

म्हणून डिस्क जोडण्यापूर्वीच संपूर्ण प्रत काढावी, ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि दर सत्रात त्या प्रतीतील एखादे जुने पान उघडून पाहावे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणास शाळेस डिस्क भेट द्यावयाची असेल, तर त्यांनी कृपया दोन द्याव्यात.