घटक ४ : कर्ता व क्रियापद यांची वचनसंगती – मराठी आणि इंग्रजी

४.० उद्दिष्टे

या घटकाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस –
- मराठी व इंग्रजी वाक्यांतील अन्वयाचे स्वरूप तुलनेने सांगता येईल.
- मराठी भाषकाच्या इंग्रजी लेखनात वचनाच्या चुका कोठे व का होतात, हे स्पष्ट करता येईल.
- व्यवहारातील इंग्रजी वाक्यांत कर्त्यानुसार योग्य क्रियापद योजता येईल.

४.१ प्रास्ताविक

न्हावा आणि शेवा ही रायगडच्या किनाऱ्यावरील दोन गावे. २६ मे १९८९ रोजी तेथील बंदर कार्यान्वित झाले. त्याचे अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर असले, तरी व्यवहारात ‘न्हावा शेवा’ हेच नाव रूढ झाले. दोन गावांची नावे जोडून एका बंदराचे नाव तयार झाले आणि त्याबरोबर व्याकरणही बदलले. गावांविषयी बोलताना इंग्रजीत ‘न्हावा अँड शेवा आर टू व्हिलेजेस’ असे म्हणावे लागते, तर बंदराविषयी बोलताना ‘न्हावा शेवा इज अ पोर्ट’. क्रियापदाचे वचन शब्दांच्या संख्येवरून ठरत नाही. कर्ता एक वस्तू म्हणून कल्पिला आहे की अनेक, यावरून ते ठरते. या घटकाचे मूळ सूत्र हेच आहे.

बंदरालगतच्या गोदामांत आणि कचेऱ्यांत मराठी माध्यमातून शिकलेले अनेक तरुण काम करतात. मालाच्या याद्या, पोहोच-पावत्या, नुकसानीचे अहवाल हा त्यांचा रोजचा इंग्रजी व्यवहार असतो. म्हणून या घटकातील बहुतेक उदाहरणे त्याच व्यवहारातून घेतली आहेत.

४.२ मराठीतील अन्वय

अन्वयाची कल्पना मराठी भाषकाला नवीन नाही. उलट, मराठी क्रियापद इंग्रजी क्रियापदापेक्षा अधिक भार वाहते. ‘कंटेनर आला’ आणि ‘कंटेनर आले’ ही वाक्ये पाहा. नामाचे रूप दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. एकच आला की अनेक आले, हे केवळ क्रियापदावरून कळते. वचनाबरोबर लिंगही क्रियापदातच दिसते : ट्रक आला, गाडी आली, जहाज आले.

मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात प्रयोगविचाराची विस्तृत चर्चा आहे. त्यातील मुख्य भेद आपणांस परिचित आहेत. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते : ‘मुलगा जातो’, ‘मुले जातात’. कर्मणी प्रयोगात ते कर्माप्रमाणे चालते : ‘चालकाने ट्रॉली आणली’, ‘चालकाने कंटेनर आणले’. भावे प्रयोगात ते दोहोंपासून स्वतंत्र राहते : ‘चालकाने मदतनिसाला बोलावले’. म्हणजे मराठी भाषकाचे मन क्रियापदाचा धनी कधी कर्त्यात, कधी कर्मात शोधते. इंग्रजीत ही मोकळीक नाही. तेथे क्रियापद नेहमी कर्त्याशीच जुळते.

आदरार्थी बहुवचन हा आणखी एक विशेष. ‘साहेब आले’ या वाक्यात व्यक्ती एकच असते. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनातून व्यक्त होत नाही. त्यामुळे ‘माय फादर आर इन द ऑफिस’ हे वाक्य आदरयुक्त न ठरता अशुद्ध ठरते. तेथे ‘इज’च हवे. तथापि इंग्रजीतील ‘यू’ हे रूप मुळात अनेकवचनी होते. आदराने ते एका व्यक्तीलाही लावले जाऊ लागले आणि एकवचनी ‘दाऊ’ मागे पडले. एका व्यक्तीला उद्देशूनही ‘यू आर’ म्हणतात, त्याचे कारण हे. मराठीतील ‘तुम्ही’शी त्याचे नाते सहज ध्यानात येईल.

४.३ इंग्रजीतील मूळ नियम

इंग्रजीत वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असता क्रियापदास ‘स’ किंवा ‘झ’ हा ध्वनी जोडला जातो : ‘द शिप लीव्ह्ज’, ‘द शिप्स लीव्ह’. साध्या भूतकाळात ‘वॉज’ व ‘वेअर’ यांखेरीज हा भेद राहत नाही. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांसारखी साहाय्यक क्रियापदेही वचनानुसार बदलत नाहीत.

येथे मराठी विद्यार्थ्याची एक स्वाभाविक अपेक्षा भंग पावते. मराठीत ‘जातो’चे ‘जातात’ होते, म्हणजे अनेकवचनी रूप लांबते. इंग्रजीत लांब रूप एकवचनाचे असते. शिवाय तोच ‘स’ नामाला लागला की अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदाला लागला की एकवचन. म्हणून ‘द शिप्स लीव्ह्ज’ ही चूक आळसाने होत नाही. दोन्हीकडे अनेकवचनाची खूण लावण्याच्या प्रामाणिक प्रयत्नातून ती होते. चुकीचे कारण कळले की ती सुधारणे सोपे जाते.

४.४ विशेष स्थाने

(अ) मुख्य नाम आणि जवळचे नाम. ‘कंटेनरांची यादी टेबलावर आहे’ या वाक्यात षष्ठ्यन्त पद आधी येते आणि ‘यादी’ हे मुख्य नाम नंतर, क्रियापदाच्या बाजूस राहते. इंग्रजीत क्रम उलटा : ‘द लिस्ट ऑफ कंटेनर्स इज ऑन द टेबल’. मुख्य नाम दूर जाते आणि ‘कंटेनर्स’ हे अनेकवचन क्रियापदाला येऊन भिडते. कान त्यालाच कर्ता समजतो आणि ‘आर’ लिहिले जाते. उपाय असा : ‘ऑफ’पासूनचा भाग क्षणभर झाकावा आणि मग क्रियापद निवडावे.

(आ) माल आणि ‘गुड्स’. मराठीत ‘माल आला’ हे एकवचन आहे. इंग्रजी ‘गुड्स’ मात्र नेहमी अनेकवचनी : ‘द गुड्स हॅव अराइव्ड’. याउलट ‘इक्विपमेंट’, ‘मशिनरी’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ ही समूहवाचक वा अगणनीय नामे एकवचनी चालतात आणि त्यांना अनेकवचनी ‘स’ लागत नाही. ‘न्यूज’ दिसते अनेकवचनी, पण चालते एकवचनी. ‘द पोलीस’ दिसते एकवचनी, पण चालते अनेकवचनी. शब्दकोश पाहताना अर्थाबरोबर वचनाची नोंदही पाहावी.

(इ) जोडलेले कर्ते. ‘अँड’ने जोडलेले दोन भिन्न कर्ते अनेकवचनी होतात : ‘द ड्रायव्हर अँद द क्लीनर आर हिअर’. ‘अलाँग विथ’ने जोडलेला भाग मात्र मोजणीत धरत नाहीत : ‘द ड्रायव्हर, अलाँग विथ टू हेल्पर्स, इज हिअर’. ‘आयदर – ऑर’ असता क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालते.

(ई) ‘वन ऑफ’ आणि ‘एव्हरी’. ‘वन ऑफ द गेट्स इज क्लोज्ड’ येथे कर्ता ‘वन’ आहे. मराठीत आपण ‘दरवाजांपैकी एक दरवाजा बंद आहे’ असे नाम पुन्हा उच्चारतो, त्यामुळे घोटाळा होत नाही. ‘एव्हरी कंटेनर हॅज अ नंबर’ येथे कंटेनर कितीही असले, तरी विचार एकेकाचा आहे.

(उ) परिमाणे. शिवडी ते न्हावा शेवा हा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्याची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर आहे. एवढे किलोमीटर असूनही अंतर एकच, म्हणून ‘ट्वेंटी-वन किलोमीटर्स इज अ लाँग डिस्टन्स’. तसेच ‘ट्वेंटी फीट इज द लेंग्थ ऑफ धिस कंटेनर’.

४.५ वचन आणि अर्थ

वचनसंगती ही केवळ शुद्धतेची बाब आहे, असा समज होऊ शकतो. पुढील दोन वाक्यांचा विचार करावा.

१. ‘द बॉक्स ऑफ स्पेअर पार्ट्स दॅट वॉज डॅमेज्ड हॅज बीन रिटर्न्ड.’
२. ‘द बॉक्स ऑफ स्पेअर पार्ट्स दॅट वेअर डॅमेज्ड हॅज बीन रिटर्न्ड.’

पहिल्या वाक्यात पेटी खराब झाली आहे, दुसऱ्यात सुटे भाग. दोहोंत फरक एकाच शब्दाचा आहे. परंतु वेष्टन फाटले की आतला माल बिघडला, हे नुकसानभरपाईच्या प्रकरणात निर्णायक ठरू शकते. मराठी हाच भेद धातुसाधित विशेषणातून दाखवते : ‘सुट्या भागांची खराब झालेली पेटी’ आणि ‘खराब झालेल्या सुट्या भागांची पेटी’. ‘झालेली’ व ‘झालेल्या’ यांतील भेद जो लीलया सांभाळतो, त्याला ‘वॉज’ व ‘वेअर’ यांतील भेद अवघड जाण्याचे कारण नाही. त्याची मातृभाषा त्याला या कामासाठी आधीच तयार करून ठेवते. लक्ष कोठे द्यावयाचे, एवढेच शिकावयाचे असते.

४.६ सारांश

मराठी क्रियापद प्रयोगानुसार कर्त्याशी किंवा कर्माशी जुळते, तसेच लिंग व आदरही दाखवते. इंग्रजी क्रियापद केवळ कर्त्याशी जुळते आणि मोजक्याच ठिकाणी वचनभेद दाखवते. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिताना तीन प्रश्न विचारावेत : मुख्य नाम कोणते? ते एक म्हणून कल्पिले आहे की अनेक? इंग्रजीत त्या नामाचे रूढ वचन कोणते?

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) योग्य क्रियापद निवडा.
१. द की ऑफ द ट्रक्स (इज / आर) मिसिंग.
२. द गुड्स (वॉज / वेअर) इन द शेड.
३. वन ऑफ द क्रेन्स (इज / आर) ओल्ड.
४. आयदर द क्लार्क ऑर द ड्रायव्हर्स (हॅज / हॅव) द पेपर्स.

(आ) ‘साहेब आले’ आणि ‘साहेबांनी फाइल पाहिली’ या वाक्यांतील क्रियापदांचा अन्वय स्पष्ट करा व त्यांची इंग्रजी रूपांतरे करताना कोणती दक्षता घ्यावी लागेल ते लिहा.

(अ) ची उत्तरे : १. इज २. वेअर ३. इज ४. हॅव