गाडीवरचे डांबर

सोलापूरचा उन्हाळा कडक. पारा ४० अंशांच्या वर जातो. मग रस्त्याचे डांबर मऊ होते, चाकाने उडते आणि गाडीला चिकटते. पाण्याने ते निघत नाही.

कोणी ते सुरीने खरवडतो. रंग जातो आणि उघडा पत्रा गंजतो. कोणी पेट्रोलचा बोळा फिरवतो. पेट्रोलची वाफ ठिणगीनेही पेटते. डाग राहिला तर चालेल, पण हात भाजला तर?

आम्ही करतो ते सांगतो. गाडी सावलीत लावावी, पत्रा गार होऊ द्यावा. पाणी ओतून धूळ घालवावी. नाही तर बारीक खडे रंगावर ओरखडे काढतात. मग डागावर करडईचे तेल लावावे आणि दहा मिनिटे थांबावे. डांबर पाण्यात विरघळत नाही, तेलात सुटते. जुन्या मऊ टॉवेलने हलके पुसावे. डाग राहिला, तर पुन्हा तेल लावावे. जोर करू नये. ब्रेकला तेल लागू देऊ नये. शेवटी साबणाच्या पाण्याने गाडी धुवावी.

तेलकट फडक्यांचा ढीग करू नका. तो आपोआप तापून पेटू शकतो. फडके लगेच साबणाने धुवा आणि पसरून वाळवा.